मांडी म्हणजे खुर्ची नव्हे

रात्रीचे साडेतीन वाजले होते. मुंबईचे साडेतीन. विमानातले दिवे मालवले होते, माणसं पांघरुणं तोंडावर ओढून झोपली होती, आणि माझी एकोणीस महिन्यांची नात रडत होती. तिला खांद्यावर घेऊन माझी लेक दोन शौचालयांच्या मधल्या हातभर जागेत उभी होती. तिथून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती ‘सॉरी’ म्हणत होती. आत जाणाऱ्याला सॉरी, बाहेर येणाऱ्याला सॉरी, ट्रॉली ढकलणाऱ्या कर्मचारी मुलीला सॉरी. एक गृहस्थ, मराठीच, थांबून म्हणाले, “अहो, एवढ्या लहान मुलांना घेऊन निघता कशाला? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?” लेक त्यांनाही सॉरी म्हणाली.

मी मागेच उभी होते. त्या गृहस्थांना चांगलं सुनवावं असं मनात आलं. पण माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते असं होतं : “अगं, जरा पाजून बघ ना तिला.” म्हणजे मीही त्याच बाजूची! मूल रडतंय म्हणजे आईचं काहीतरी चुकतंय, हे इतक्या वर्षांच्या शिबिरांनंतर आणि मोर्च्यांनंतरही माझ्या जिभेवर तयार होतं.

त्या रात्रीपासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. नऊ तासांत माझ्या लेकीने इतक्या जणांची माफी मागितली. तिची माफी मागायला कोण कोण बांधील होतं?

तिकिटावर काय लिहिलेलं असतं?

सुरुवात तिकिटापासून करू या. दोन वर्षांखालच्या मुलाला विमानात आसन घ्यावंच लागत नाही. परदेशी प्रवासात मोठ्या माणसाच्या भाड्याच्या साधारण दहा टक्के आकारून त्याला ‘मांडीवर’ नेता येतं. लोक याला सवलत म्हणतात. मीही म्हणत होते. पण ही सवलत कंपनी कशातून देते? स्वतःची एकही खुर्ची न देता ती हे मूल नेते. खुर्ची आईची मांडी असते. पट्टा आईचे हात, पलंग आईचा खांदा. नऊ तास, सोळा तास ही तिन्ही कामं तिच्या शरीराने करायची आणि त्याबद्दल दहा टक्के भाडंही तिनेच भरायचं. घरातलं बाईचं काम मोजलं जात नाही, हे आपण कित्येक वर्षं बोलत आलो. इथे तर ते चक्क तिकिटावर छापलेलं असतं.

कुणी म्हणेल, पुढच्या भिंतीला पाळणा लावून मिळतो की! मिळतो, पण त्याला वजनाची मर्यादा असते, बहुतेक ठिकाणी दहा-अकरा किलोच्या आसपास. काही कंपन्या उंचीही बघतात. वर्षाचं, दीड वर्षाचं झालेलं अंगापिंडाने बरं मूल त्यात मावत नाही. मावलं तरी हवा खराब झाली आणि पट्टे बांधायचा दिवा लागला, की झोपलेल्या मुलाला उचलून मांडीवर घ्यावं लागतं. दिवा विजला की परत ठेवा. असं रात्रभर. म्हणजे पाळण्यात मावत नाही आणि भाड्याच्या हिशेबात माणूसही ठरत नाही, असं वर्षभराचं एक वय आहे. चालायला, पळायला, हट्ट करायला लागलेलं हेच ते वय. नेमकं तेव्हाच त्याला विमानात हक्काची जागा नाही.

आमची आसनंही शेजारी नव्हती. मी सात ओळी मागे होते. शेजारची जागा हवी असेल तर जादा पैसे भरून आधी निवडायची होती, आम्ही निवडली नव्हती. लेकीच्या शेजारच्याने जागा बदलली नाही. मी त्याला दोष देत नाही, त्याने त्याचे पैसे मोजले होते. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ साली विमान कंपन्यांना सांगितलं, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना बरोबरच्या एका तरी पालकाशेजारी जागा द्या. चांगलं केलं. पण जिला जागाच नाही अशा मुलीचं काय? आणि तिला आळीपाळीने धरणाऱ्या दुसऱ्या माणसाचं काय? त्याचा विचारच नाही, कारण मांडी एकच असते आणि ती आईची असते, हे ठरलेलं आहे.

रात्र कुणाची?

रात्री का निघता, असंही विचारतात. जणू वेळ आम्ही ठरवली! मुंबईहून पश्चिमेकडे जाणारी कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. ती सकाळी युरोपात पोहोचली की प्रवाशांना पुढची विमानं गाठता येतात. शिवाय युरोपातल्या बऱ्याच विमानतळांवर रात्री विमानं उतरवायला बंधनं आहेत. फ्रँकफुर्टला २०११पासून रात्री अकरा ते पहाटे पाच ठरावीक उड्डाणं बंद आहेत. तिथे राहणारे लोक झोपेसाठी भांडले, कोर्टात गेले आणि त्यांनी ती मिळवली. त्याबद्दल मला त्यांचं कौतुकच आहे. झोप हा हक्क म्हणून मागता येतो, हे त्यांनी दाखवून दिलं. पण जगातल्या वेळापत्रकात कुणाची तरी झोप जपायची तर कुणाची तरी मोडावी लागते. ती मोडते आपल्याकडच्या बाळाची, आणि जाब विचारला जातो तिच्या आईला.

दोन वाजता विमान, म्हणजे दहा-अकरालाच विमानतळावर. नेहमी आठला झोपणारं मूल लखलखीत दिव्यांखाली रांगेत. सामान देण्याची रांग, पासपोर्टची रांग, तपासणीची रांग. तिथे बाबागाडी घडी करून पट्ट्यावर ठेवा, दुधाची भुकटी बाहेर काढा, पाण्याची बाटली दाखवा, आणि हे सगळं एका हाताने, कारण दुसऱ्यावर अकरा किलोचं मूल. विमानात बसेपर्यंत ते दमून रडकुंडीला आलेलं असतं. त्यानंतर आपण म्हणतो, आजकालच्या मुलांना शिस्त नाही.

रडण्याचं कारणही पुष्कळदा साधं, शरीराचं असतं. विमानाच्या आतल्या हवेचा दाब समुद्रसपाटीसारखा नसतो. तो साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेसारखा ठेवलेला असतो. आठ हजार फूट म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून कितीतरी उंच. हवाही कोरडी असते, नाक चोंदतं. विमान खाली उतरू लागलं की हा दाब झपाट्याने वाढतो. कान आणि घसा यांना जोडणारी नळी लहान मुलांत अरुंद असते, ती पटकन उघडत नाही, आणि कानात कळ येते. मोठी माणसं आवंढा गिळतात, जांभई देतात. मुलाला ते कळत नाही. त्या वेळी त्याला पाजलं, काही चोखायला दिलं तर बरं वाटतं. पण नेमकं तेव्हाच ते कुठे झोपी गेलेलं असतं. मग ते किंचाळत उठतं. त्या रडण्यात हट्ट नसतो, दुखत असतं.

धरता येतं का खरंच?

आता यातली सगळ्यांत गंभीर गोष्ट. मांडी गैरसोयीची तर आहेच, पण ती सुरक्षितही नाही. जोराचा हिसका बसला तर दहा किलोचं मूल त्या क्षणी तीस-चाळीस किलोंच्या ओझ्यासारखं हातातून ओढलं जातं. आईच्या प्रेमाने पदार्थविज्ञानाचे नियम बदलत नाहीत.

१९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी इथे युनायटेडचं २३२ क्रमांकाचं विमान कोसळलं. विमानात २९६ माणसं होती. चार मुलं मांडीवरची होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे विमान आदळण्यापूर्वी कर्मचाऱ्यांनी आईबापांना सांगितलं, मुलांना पायाशी जमिनीवर ठेवा आणि धरून ठेवा. त्यांतलं एक मूल गेलं. हा आदेश देणाऱ्या प्रमुख कर्मचारी जॅन ब्राऊन वाचल्या. बाहेर आल्यावर, मुलाला शोधायला जळत्या विमानाकडे परत निघालेल्या त्याच्या आईला त्यांनी अडवलं. पुढची अनेक वर्षं त्या एकच मागणी करत राहिल्या : प्रत्येक मुलाला स्वतःचं आसन द्या.

अमेरिकेत अपघातांची चौकशी करणाऱ्या मंडळाने १९९० साली तशी शिफारस केली. पण नियम करणाऱ्या एफएए या संस्थेने तो केला नाही. कारण काय? आसन सक्तीचं केलं तर तिकीट परवडणार नाही, कुटुंबं मोटारीने जातील, आणि रस्त्यावर अपघात जास्त होतात, त्यामुळे एकूण मृत्यू वाढतील. १९९५ साली हेच सांगितलं, २००५ सालीही हेच. हिशेब म्हणून तो खोटा नसेल. पण मुंबईहून न्यू यॉर्कला मोटारीने कोण जातं? समुद्र ओलांडणाऱ्या आईला हा हिशेब कसा काय लागू होतो? आणि तिकीट परवडणार नाही हे इतकं पक्कं माहीत असेल, तर या वयाच्या मुलाचं आसन त्याच दहा टक्क्यांत द्या, असं का कुणी म्हणत नाही?

आणखी एक गंमत बघा. युरोपात मांडीवरच्या मुलाला आईच्या पट्ट्यात अडकवायचा छोटा जोडपट्टा बांधावा लागतो. आपल्याकडच्या विमानांतही असा पट्टा देतात. अमेरिकेत मात्र विमान सुटताना आणि उतरताना तो वापरायला मनाई आहे, कारण हिसक्यात मूल मोठ्या माणसाच्या देहाखाली चिरडण्याची भीती असते. म्हणजे एक म्हणतो, बांधा. दुसरा म्हणतो, बांधू नका. मांडीवर मूल सुरक्षित राहील अशी खात्री दोघांकडेही नाही, आणि मूल मांडीवर बसवायला दोघांचीही परवानगी आहे.

२०२४च्या जानेवारीत अलास्का एअरलाइन्सच्या विमानाच्या भिंतीचा एक भाग हवेत असतानाच निखळून पडला. त्यानंतर त्याच चौकशी मंडळाच्या अध्यक्ष जेनिफर होमंडी यांनी आईबापांना आवाहन केलं, की मुलांना स्वतंत्र आसनावर बसवा. सल्ला योग्यच आहे. पण तो आईबापांच्या खिशाला दिलेला सल्ला आहे. कंपनीला सांगायचं धाडस कुणी करायचं?

झोपेचं औषध

निघायच्या आधी आम्हाला चार जणींनी सांगितलं, “सर्दीचं औषध द्या दोन चमचे, पोचेपर्यंत डोळा उघडणार नाही.” यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण २००८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची दुकानात मिळणारी औषधं देऊ नका असं बजावलं आहे. आपल्याकडेही डिसेंबर २०२३मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन या जोडऔषधावर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असं छापायचा आदेश निघाला. शिवाय अशा औषधाने काही मुलं झोपण्याऐवजी जास्तच चिडचिडी होतात.

मला यावरून गिरणगाव आठवतं. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची गोळी चारून घरी ठेवत. सरकारी पाहण्यांत त्याच्या नोंदी आहेत. तेव्हाही शहाण्यासुरत्या लोकांनी या अडाणी आयांना नावं ठेवली. पण गोळी का द्यावी लागते? दहा तास यंत्रावर उभ्या असलेल्या बाईचं मूल कुणी सांभाळायचं? हा प्रश्न विचारला गेला म्हणून पाळणाघराची मागणी पुढे आली, आणि १९४८च्या कारखाना कायद्यात पाळणाघराचं कलम आलं. आईला दटावून अफू सुटत नाही, मुलाला जागा दिल्याने सुटते. गिरणीपुरतं जे आपल्याला कळलं, ते विमानापुरतं का कळू नये?

शांततेचा भाव

मुलाला जागा देण्याऐवजी कंपन्यांनी मुलांपासूनची शांतता विकायला काढली. मलेशिया एअरलाइन्सने २०११ साली पहिल्या वर्गात तान्ह्या मुलांना मनाई केल्याचं जाहीर झालं. एअर एशिया एक्सने २०१३ साली मुलांना मज्जाव असलेल्या ओळी सुरू केल्या. २०१६ साली आपल्या इंडिगोनेही बारा वर्षांखालच्या मुलांना काही ओळी बंद केल्या. कोरेंडन या कंपनीने २०२३ साली ॲम्स्टरडॅमहून निघणाऱ्या लांबच्या उड्डाणात जादा पैसे घेऊन फक्त मोठ्यांचा कप्पा आणला. पत्र्याच्या एकाच नळीत दहा ओळी पुढे रडलेलं मागे ऐकू येत नाही की काय? पण विकायचं होतं ते निराळंच. मूल म्हणजे उपद्रव, आणि ते बरोबर आणणारी म्हणजे अपराधी, ही समजूत विकायची होती.

ती किती खोल रुजली आहे पहा. २०१९ साली सोलहून सॅन फ्रान्सिस्कोला जाताना एका आईने दोनशेवर प्रवाशांना पिशव्या वाटल्या. आत गोळ्या, कानात घालायचे बोळे, आणि चार महिन्यांच्या बाळाच्या नावाने माफीची चिठ्ठी. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तिचं कौतुक केलं. मी ती बातमी वाचून गप्प झाले. जे अजून घडलेलंच नाही त्याची माफी दोनशे अनोळखी लोकांकडे मागणारी बाई आपल्याला ‘आदर्श आई’ वाटते! त्याच विमानात दारू पिऊन मोठ्याने बोलणारा, पुढच्याच्या पाठीत गुडघे खुपसणारा, घोरणारा, यांतला कुणी पिशवी वाटतो का?

विमानाच्या धंद्याचं आईपणाशी जुनं वाकडं आहे. एअर इंडियात हवाई सेविकेला पहिल्या गरोदरपणी नोकरी सोडावी लागेल अशी अट होती. नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकारी कोर्टात गेल्या, आणि १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. आज विमानात राबणाऱ्या या मुलींशी आपलं भांडण नाही. त्या रात्री माझ्या नातीला दहा मिनिटं घेऊन उभी राहिली ती त्यांच्यातलीच एक. त्या दहा मिनिटांत लेक शौचालयाला जाऊन आली. त्याआधी सहा तास ती गेली नव्हती. जावं लागू नये म्हणून पाणीही पीत नव्हती, आणि ही अंगावर पाजणारी बाई! मुतारीच्या हक्कासाठी मुंबईत २०११पासून ‘राइट टू पी’ची चळवळ चालली. आकाशातही तो प्रश्न सुटलेला नाही.

बाप कुठे होता?

विचारायलाच हवं. जावई दोन आठवडे आधी परत गेले होते, कारण रजा संपली होती. ते एकटे गेले, जेवले, सिनेमा पाहिला, झोपले. चांगले आहेत हो ते. पण रजा त्यांची मोजली गेली, वेळ त्यांचा मोजला गेला. लेकीचा वेळ ‘तसाही घरीच’ म्हणून धरला गेला, आणि माझा तर कुणीच धरला नाही. परदेशातल्या लेकीसुनांच्या बाळंतपणाला सहा-सहा महिने जाणाऱ्या आज्यांचा हिशेब एकदा कुणीतरी मांडायला हवा. परतीच्या विमानतळावर एका रांगेत एक तरुण बाप एकटाच मूल घेऊन उभा होता. लोकांनी त्याला पुढे जाऊ दिलं, “व्वा, किती छान सांभाळतोय!” म्हणाले. तीच रांग, तसंच मूल, पण लेकीच्या वाट्याला कपाळावरच्या आठ्या.

हा बड्यांचा प्रश्न आहे का?

तुमच्यापैकी काहींच्या मनात हे आलंच असेल. विमानाने जाणाऱ्यांचं रडगाणं आपल्या अंकात कशाला? मीही स्वतःला हे विचारलं. पण एक तर आखाताच्या विमानांत परिचारिका असतात, घरकामाला जाणाऱ्या बायका असतात. ती काही सगळी श्रीमंती नव्हे. दुसरं म्हणजे मांडी तीच आहे. दिवाळीच्या सुमारास बीडहून कारखान्यांकडे रात्री निघालेल्या ट्रकवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, संसाराच्या गाठोड्यांवर बसलेली ऊसतोडणी कामगारीण मूल कुठे धरते? मांडीवर. एस.टी.त उभ्याने जाणारी बाई मूल कुठे धरते? कडेवर. त्यांचा धोका माझ्या लेकीच्या धोक्याहून कितीतरी मोठा आहे. पण गृहीत धरणं एकच आहे : मुलाची सोय ही आईच्या शरीराची जबाबदारी, वाहनाची नव्हे. हे गृहीत कुठेही मोडलं, तरी सगळीकडे थोडं थोडं मोडतं.

आपण हिरकणीची गोष्ट सांगत मोठ्या झालो. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले, बाळ खाली घरी भुकेलं, आणि ती गवळण अंधारात कडा उतरून गेली. गोष्ट सांगते, की राजाने तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधला. आम्हाला शाळेत तिचं धाडस शिकवलं. पण त्या दरवाजाशी तिने विनवण्या केल्या असतील, त्या ऐकून घ्यायला कुणी का नव्हतं, हे कुणी विचारलं नाही. आज एस.टी. स्थानकांवर तिच्या नावाचे कक्ष आहेत. त्यांतले किती उघडे सापडतात, हे तुम्हीच सांगा. कड्यावरून उतरणाऱ्या आईचे गोडवे गाणं सोपं असतं, दार उघडणं अवघड.

मग मागायचं काय?

दोन वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लांबच्या रात्रीच्या उड्डाणात, सध्या घेतात त्याच भाड्यात, स्वतंत्र आसन आणि त्यावर बांधायची बालखुर्ची कंपनीने द्यावी. ते होईपर्यंत विमानात रिकामी राहिलेली जागा पहिल्यांदा मांडीवर मूल असलेल्या प्रवाशाशेजारी सोडावी. मुलाला सांभाळणाऱ्या दोन माणसांना शेजारी बसण्यासाठी पैसे घेऊ नयेत. एकट्या पालकाला शौचालयाला जाता यावं म्हणून मूल धरणं हे कर्मचाऱ्यांच्या कामात धरावं आणि त्यासाठी माणसं वाढवावीत. मुलांचे कपडे बदलायची फळी पुरुषांच्या शौचालयातही असावी.

पैसे कोण देणार, असं विचारतील. चाकाची खुर्ची लागणाऱ्या अपंग प्रवाशाला ती फुकट मिळते. ती कंपनीची मेहेरबानी नाही, नियम आहे. अपंगांच्या चळवळींनी भांडून अशा सोयी नियमात आणल्या. जागा करायची ठरवली तर करता येतेही. २०२२ साली उत्तर रेल्वेने लखनौ मेलच्या एका डब्यात आईच्या बर्थला बाळाचा छोटा बर्थ जोडून पाहिला. एअर न्यूझीलंडने तीन आसनांचा सपाट पलंग होईल अशी रचना २०११पासून वापरात आणली, अर्थात पैसे घेऊन. कौशल्याची अडचण नाही, अडचण इच्छेची आहे.

आणि घरातही एक मागणी. पुढच्या खेपेला मूल बापाबरोबर जाईल, आई दोन आठवडे मागून, एकटी, झोपून जाईल. लेकीने हे जावयांना सांगितलं आहे. ते जरा दचकले, पण हो म्हणाले आहेत. बघू.

विमान उतरताना नात पुन्हा रडली. लेकीने तिला पदराआड घेतलं. ते मघाचे गृहस्थ वळून बघायला लागले. तिचे ओठ हलले, पण या वेळी सॉरीच्या आत मीच बोलले, “कान दुखताहेत तिचे. तुमचेही दुखत असतील.” ते म्हणाले, “हो, दुखताहेत खरे.” आणि पुढे बघून बसले.

मैत्रिणींनो, तुमच्याही मांडीचे अनुभव असतील. विमानातले, एस.टी.तले, ट्रकवरचे, लोकलमधले. ते आपल्याकडे लिहून पाठवा. पण त्यात कुठेही ‘सॉरी’ लिहू नका.